कोऱ्या कागदावर सही देऊ नका!

चाकण, भोसरी, वाळूज, तळोजा, तारापूर... कारखान्यांच्या या पट्ट्यांत राबणाऱ्या प्रत्येकाला आणि त्यांच्या घरच्यांना ही कळकळीची विनंती आहे. कामावर माणूस जखमी झाला, की पहिल्या दोन-चार दिवसांतच त्याच्या हक्काचं बरं-वाईट ठरतं. तेव्हा ना त्याला शुद्ध असते, ना घरच्यांना कायदा ठाऊक असतो.

पॉवर प्रेसवर बोट गेलेल्या पोराला सुपरवायझर ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेतो. केसपेपर भरताना विचारतात, "कसं झालं?" पोरगा कळवळत असतो. उत्तर सुपरवायझर देतो : "मोटरसायकलच्या चेनमध्ये हात अडकला." तेवढी एक ओळ केसपेपरवर लिहिली गेली, की अपघात कारखान्यात झालाच नाही असं म्हणायला मालक मोकळा! म्हणून सोबतच्या कामगारांनो, जखमीला एकट्याला सोडू नका. तुमच्यापैकी एकाने तरी दवाखान्यात जा. कंपनीचं नाव, मशीन, वेळ हे केसपेपरवर लिहून घ्या आणि लगेच त्याचा फोटो काढा. हजेरी कार्ड, गेटपास, पगार जमा झाल्याचा बँकेचा मेसेज, जे हाताशी असेल ते जपा. आणि डॉक्टर मंडळी, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे, जखमी माणूस बोलू शकत असेल तर त्यालाच विचारा.

मग पहिली चौकशी करा ती कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार, मग तो कंत्राटी का असेना, ईएसआयमध्ये असायलाच हवा. तिथे उपचार होतात, कामावर जाता येत नाही तितके दिवस पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते आणि कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा पैसे चालू राहतात. मालकाने हप्ता भरलाच नव्हता किंवा अपघातानंतर घाईघाईने कार्ड काढलं, तरी कामगाराचा हक्क बुडत नाही. ईएसआय त्याला लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकतं. जिथे ईएसआय लागू आहे तिथे मालकाकडे वेगळी नुकसानभरपाई मागता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

ईएसआय लागू नसेल तर भरपाई थेट मालकाने द्यायची. १९२३ पासून तसा कायदा आहे आणि आता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. हिशेब वय आणि पगारावर होतो. पंचवीस वर्षांच्या मुलाचा पगार १५,००० धरा. त्याचे ६० टक्के ९,००० होतात. त्याला त्या वयाच्या २१६.९१ या गुणकाने गुणलं, की संपूर्ण अपंगत्वाची रक्कम १९ लाखांच्या वर जाते. अंगठा गेला तर कायद्याच्या तक्त्यात ३० टक्के नुकसान धरलं आहे, म्हणजे ५ लाख ८५ हजारांहून जास्त. त्याच पोराच्या हातात तीस-चाळीस हजार टेकवून "गावाला जा, आराम कर" म्हणतात, ही सरळ लूट आहे.

तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. कामावर पडून कोपराच्या वरून हात गमावलेल्या एका सुताराचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली, हा भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांचा निर्णय न्यायालयाने १९७५ मध्ये कायम ठेवला. तेव्हा अर्जात नुसतं "डावा हात गेला" लिहून थांबू नका. त्या हाताने काय काम करत होतात, ते लिहा.

मालकाची बाजू पुढे येणारच. "त्यानेच मशीनचा सुरक्षा गार्ड काढला." मुद्दाम काढला हे त्यांनी सिद्ध करावं. माल निघावा म्हणून सगळी लाइनच गार्डशिवाय चालत असेल, तर साक्षीला उभे राहा. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल, तर ही सबब चालतच नाही. "तो आमचा नाही, कंत्राटदाराचा आहे." कंत्राटदाराचा माणूस कंपनीच्या जागेत कंपनीचंच काम करत असेल, तर भरपाई मूळ कंपनीकडूनही मागता येते, ती कंत्राटदाराकडून नंतर वसूल करणं हा त्यांचा प्रश्न.

आता सहीबद्दल. "माझी काही तक्रार नाही, सर्व हिशेब मिळाला" अशा मजकुराखाली किंवा कोऱ्या कागदावर कोणीही, कितीही गोड बोलून सही मागितली तरी देऊ नका. दिली असेल तर खचूही नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यापुढे शून्य आहे. कामगार दगावला असेल, तर भरपाईची रक्कम मालकाने दावे ऐकणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करायची असते. घरी येऊन दिरा-सासऱ्याच्या हातात पाकीट दिलं म्हणून विधवेचा दावा संपत नाही. महिन्याभरात भरपाई दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे. "साहेब बघतो म्हणालेत" यातच ती निघून जाते, आणि साहेबांनाही तेच हवं असतं. दावा अपघात झाला तिथेच लावायला हवा असं नाही. जखमी माणूस किंवा वारस जिथे राहतात, त्या जिल्ह्यातही लावता येतो. बीड, नांदेड किंवा बिहारला परतलेल्या कुटुंबाला पुण्याच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. बांधकामावरच्या माणसांनी इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी चालू आहे ना, हे आजच पाहावं. कामावर मृत्यू झाल्यास मंडळाकडून वारसांना ५ लाखांचं साहाय्य आहे, पण नोंदणी जिवंत असेल तरच.

तुमच्या गल्लीत, वाडीवर, पाहुण्यांत हात बांधून घरी बसलेला कोणी असेल, तर आज संध्याकाळी त्याच्याकडे जा. अपघाताची तारीख विचारा, दोन वर्षं कधी भरतात ते मोजा, आणि केसपेपर घेऊन त्याच्यासोबत विधी सेवा प्राधिकरणात जा.