पॅरिस व्हाया मळवली

नव्या जोडप्याचं खरं रूप बघायचं असेल तर परदेशवारीच्या पहिल्या दिवशी बघावं. फोटोंवर जाऊ नका. माझ्या ऑफिसातल्या तीन मैत्रिणी पॅरिस करून आल्या, तिघींची स्टोरी सेम टू सेम. सकाळी हॉटेलात बॅगा टाकायच्या, जेट लॅग गेला खड्ड्यात, लगेच आयफेल टॉवर, मग लूव्र, मग सीन नदीतली बोट. दुपारी चारला पायांचे तुकडे पडलेले, पोटात सकाळचा एक क्रॉसाँ, आणि नवरा घड्याळ बघत म्हणतोय, ‘अगं, अजून दोनच राहिलेत!’ पैसे भरलेत म्हणजे वसूल झालेच पाहिजेत, हे आपल्या रक्तातच आहे. संध्याकाळी नदीकाठी, जगातल्या सगळ्यात रोमँटिक वगैरे शहरात, दोघं दोन दिशांना तोंड करून बसलेली.

आमचंही पॅरिस ठरलं होतं. दुसऱ्या वाढदिवसाला. माझ्या नवऱ्याने त्याची एक्सेल शीट बनवली होती. ‘डे वन’च्या खाली नऊ ओळी, प्रत्येक ओळीपुढे मिनिटं. मग मे महिन्यात त्याच्या कंपनीने एका व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटांत अख्ख्या टीमला नारळ दिला. फ्लॅटचा ईएमआय कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे पॅरिसचे पैसे गुपचूप एफडीत गेले. पैशाचं एक वेळ ठीक होतं हो. पण हा माणूस घरात मांजराच्या पावलांनी वावरायला लागला. मागे मागे फिरून लाइट बंद करायचा. बाहेर जेवू म्हटलं की ‘घरीच पिठलं टाकू’. आणि साताऱ्याला आईंना सांगून ठेवलेलं, सध्या वर्क फ्रॉम होम आहे. आई खूश, मुलगा घरी जेवतोय म्हणून.

शेवटी मी एका बुधवारी रजा टाकली आणि जाहीर केलं, ‘आज डे वन. मळवली.’

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. पण रात्रीत नवीन शीट तयार! भाजे, लोहगड, विसापूर, कार्ला, एकविरा, भुशी डॅम, टायगर पॉइंट, राजमाची पॉइंट. आठ. मी लोकलमध्ये बसल्या बसल्या त्यावर कात्री चालवली. भुशी सगळ्यात आधी कटाप. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून बांधलेलं ते धरण; त्याच्या पायऱ्यांवर भिजणं हा आपला राष्ट्रीय सण झालाय. पण 30 जून 2024 ला त्याच्याच जवळच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तेव्हापासून मला तिथलं ‘धमाल’ हे ऐकवत नाही. टायगर पॉइंट धुक्यात दिसणार नव्हता. देहूरोड येईपर्यंत चार उरली, तळेगावला तीन.

तिसरा लोहगड. मळवली स्टेशनावरून बाहेर पडलं की विसापूर आणि लोहगड शेजारी शेजारी, दोन भाऊ रुसून बसल्यासारखे. नवरा म्हणाला, ‘हा तर पाहिजेच, हा आता वर्ल्ड हेरिटेज आहे.’ खरंय. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्रातले 11 आणि तमिळनाडूतला जिंजी असे 12 किल्ले यादीत गेले, त्यात लोहगड आहे. आणि गंमत म्हणजे ती बैठक भरली होती पॅरिसमध्ये! म्हटलं, बघ, आपण नाही गेलो तरी मावळातलं कुणीतरी पॅरिसला जाऊन आलं. मे महिन्यापासून तो पहिल्यांदा खदखदून हसला. पण किल्ल्याला अख्खा दिवस द्यावा या मताची मी आहे. विंचूकाट्यावर धावत जाऊन सेल्फी काढून धावत उतरायचं असेल तर नाही गेलं तरी चालतं. लोहगड कट. उरली दोन.

एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडून चालत निघालो. खाली गाड्या मुंबईकडे सुसाट आणि वर आम्ही, बुधवारी, रमतगमत. भाजे गावातून पायऱ्या चढून गेलं की 22 लेणी, सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीची. एका लेण्यात एक बाई जोडवाद्य वाजवतेय, थेट तबल्यासारखं, आणि दुसरी नाचतेय. मी तिच्यासमोर उभी होते, तर नवरा चैत्यगृहात खांबाला डोळा लावून बसलेला.

‘हे खांब आत झुकलेत,’ तो म्हणाला. मला वाटलं याला चक्कर आली. पण खरंच झुकलेत. आधी अशी सभागृहं लाकडाची बांधत. वरच्या छताचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते आतल्या बाजूला तिरके रोवत. डोंगर कोरून काढताना त्याची काहीच गरज नव्हती; दगडात ढकलणारं कोण आहे? पण कारागिरांचा हात लाकडाला सरावलेला, त्यांनी दगडातही तिरकेच कोरले. ‘लेगसी कोड!’ नवरा ओरडला. ‘कुणाला काढायची हिंमत झाली नाही!’ मग पुढची वीस मिनिटं तो खांब, भार, कमानी यांवर बोलत होता. हा माणूस कामाबद्दल बोलतोय, हे मी साडेतीन महिन्यांनी ऐकत होते. शीटमध्ये भाज्याला 35 मिनिटं होती. आम्ही दोन तास बसलो, आणि घड्याळ बघितलं ते भूक लागली म्हणून. गावात एका घरी पिठलं-भाकरी मिळाली. (हो, पिठलंच! पण या वेळी त्याने मागून ठेचा घेतला.)

कार्ला मी मुद्दाम दुपारनंतर ठेवलं होतं. तिथल्या चैत्याचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे ऊन कलल्यावरच आत उजेड शिरतो. सकाळी गर्दीत उरकून येणारे याला मुकतात. रिक्षा, मग पायऱ्या, नारळ-हळदीकुंकवाची दुकानं, आणि वर एकविरा आई. देवीचं देऊळ आणि लेण्याचं दार अगदी खेटून, त्यामुळे कोळी-आगरी मंडळींचा गजर ऐकत ऐकतच तुम्ही बौद्ध लेण्यात शिरता. मला तरी ते कधी खटकलं नाही.

हे देशातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह. छताच्या कमानी खऱ्या लाकडाच्या, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अजून जागेवर. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या, भूतपाल नावाच्या शेठने दाराशी कोरून ठेवलंय की अख्ख्या जंबुद्वीपात असं लेणं दुसरं नाही. मार्केटिंग म्हणतात ते हेच. आतले बरेच खांब मात्र वेगवेगळ्या माणसांनी दिलेत, एकेकाने एकेक. त्यात धेनुकाकट नावाच्या गावचे ‘यवन’ही आहेत, म्हणजे ग्रीक किंवा तिकडून येऊन इथेच रुजलेल्यांची पोरंनातवंडं. युरोप आधीच येऊन एक खांब भरून गेलाय, हे मी नवऱ्याला ऐकवलं.

पण मला त्याला दाखवायची होती ती दाराजवळची जोडपी. दर्शनी भिंतीवर पुरुषभर उंचीच्या जोड्या कोरल्यात. कुणी म्हणतं दान देणारी नवराबायको, कुणी म्हणतं शुभ म्हणून कोरलेली मिथुनं. मला काय वाटतं सांगू? त्यांचं उभं राहणं बघा. बाई पुरुषाच्या मागे नाही, त्याच्या पायाशीही नाही. खांद्याला खांदा, दोघं सारखी ठसठशीत. आत खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती, आणि त्यांच्यावरही जोडीजोडीने बसलेली माणसं. त्यांच्यात कमावतं कोण आणि घरी कोण, काही कळत नाही.

हे मी मोठ्याने म्हणाले का मनात, आता आठवत नाही. तो बराच वेळ त्या जोडीसमोर उभा राहिला, फोटो न काढता. मग बाहेर येऊन कट्ट्यावर बसला आणि आईंना फोन लावला. नोकरी मे महिन्यातच गेली, हे सांगायला त्याला एक मिनिट लागलं. पलीकडून आईंचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. ‘मला कळलं होतं रे. काम असलेला माणूस दुपारी तीनला आईला फोन करून आमटी कशी फोडणीला टाकायची ते विचारतो का? तू सांगशील म्हणून वाट बघत होते.’ मग त्यांनी मला फोन द्यायला सांगितला आणि विचारलं, ‘जेवलात का?’

परतीची लोकल पकडायला पुण्याच्या फलाटावर न जाता हा लोणावळ्याच्या फलाटावर जाऊन उभा राहिला. एकच स्टेशन, म्हणे, आणि चिक्की न घेता गेलो तर आई काय म्हणतील! रेल्वेच्या बांधकामावरच्या मजुरांना शेंगदाण्याची गुडदाणी विकायचे, त्यातून ही चिक्की आली असं लोणावळ्यात सांगतात. आम्ही तीन पाकिटं घेतली. त्याने भाव केला नाही, हे मी नोंदवून ठेवलं.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा, आणि लोकलचं टाइमटेबल बघून निघा. दुपारी दोन गाड्यांमध्ये बरंच अंतर असतं. बूट ग्रिपवाले घाला. आमचा डे टू, म्हणजे लोहगड, पुढच्या मंगळवारी आहे. सोमवारी त्याचा एक इंटरव्ह्यू आहे.