वेषांतर केलेली भामिनी कोणाला ऐकू येते?

नाट्यसंगीताचा अभिमान बाळगण्यात आपण कोणाला हार जाणार नाही. मात्र त्यात नाट्य किती उरले आहे, असे विचारले की मैफलीतले जाणकार आणि मराठी विभागातले प्राध्यापक दोघेही दुसरीकडे पाहू लागतात.

१९६९ सालची दोन ध्वनिमुद्रणे पाहा. पहिले बीथोवनच्या ऑपस ५६ चे. पियानोवर रिश्टर, व्हायोलिनवर ओइस्त्राख, चेलोवर रोस्त्रोपोविच, आणि सोबत कारायानच्या हाताखालची बर्लिन फिलहार्मोनिक. पहिल्या भागात एकल वाद्यांपैकी चेलो आधी बोलतो, मग बाकीचे दोघे त्याचा शब्द उचलतात; कोण कोणाला उत्तर देतो आहे हे श्रोत्याला कळते. दुसरे मुद्रण 'एग्मोंट'चे. गटेच्या नाटकासाठी बीथोवनने १८१० मध्ये पुरे केलेले हे संगीत जॉर्ज झेलने व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून वाजवून घेतले, तेव्हा लोकप्रिय ओव्हर्चरपाशी तो थांबला नाही. क्लेर्खेनची गीते गाणारी गायिका आणि शब्द बोलणारा नट, दोघेही तबकडीवर आहेत.

आता खाडिलकरांचे १९११ चे 'संगीत मानापमान' घ्या. श्रीमंतीचा तोरा मिरवणारी भामिनी गरीब वनमालेच्या वेषात धैर्यधरासमोर उभी राहते, आणि तो तिला ओळखत नाही. बालगंधर्व ही भूमिका करीत. म्हणजे स्त्रीवेषातला पुरुष, आणि त्या स्त्रीने घेतलेले आणखी एक सोंग! तिच्या पदातला प्रत्येक लाडिक शब्द या सोंगामुळे दुहेरी होतो. तबकडीत यातले काय उतरते? राग, ताल आणि ताना. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे, तेव्हा काटछाट अटळ होती. पुढे लाँगप्ले आली, कॅसेट आली, सीडी आली, आणि आज तर वेळेचे बंधनच राहिलेले नाही. पद वीस मिनिटे आळवायला जागा झाली. पदाआधीच्या चार वाक्यांना काही झाली नाही.

पद संगीत म्हणून स्वयंपूर्ण आहे, असे यावर सांगण्यात येते. असेल, मग त्याला बंदिश म्हणावे, नाट्यपद कशाला? आणि संगीताचीच थोरवी गायची तर वादकांचे काय? गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, सारंगीवर कादरबक्ष. त्यांच्या जोडीला ऑर्गन धरला की आपलेही त्रिकूट होते. त्याला 'साथ' म्हणून आपण मोकळे झालो. (टेंबे स्वतः हार्मोनियमवादक, आणि 'मानापमान'च्या चाली त्यांच्याच, हे तरी वर्गात किती जण सांगतात?) पदे ओलांडून कथानक शिकवणारा वर्ग आणि कथानक ओलांडून पदे गाणारी मैफल, दोघांत डावेउजवे करण्यासारखे काही नाही.

बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकला राहून मराठीत एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला संगीत नाटकाचा प्रयोग पाहायचा तर पुणे गाठायचे, तेही प्रयोग लागला तर. त्याचे नाट्यगृह म्हणजे ध्वनिमुद्रणच. त्याच्या हाती आपण निवडक पदांचा संग्रह ठेवतो आणि परीक्षेत 'पदांचे नाट्यगत प्रयोजन स्पष्ट करा' असे विचारतो.

विद्यापीठांतल्या मराठी आणि संगीत विभागांनी मिळून 'मानापमान'चा निदान एक अंक सलग मुद्रित करावा: संवादांसह, प्रसंगाला सोसेल तेवढ्याच लांबीच्या पदांसह. ऑर्गन, सारंगी आणि तबला वाजवणाऱ्यांची नावे गायकांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावीत.