पातळ तेलाचे गणित आणि बेलापूरचे ट्रक

डिझेलचे दर ठरवण्याचा अधिकार सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये बाजारावर सोपवला आणि जून २०१७ पासून हे दर रोज बदलू लागले. तेव्हापासून वाहतूक व्यावसायिकांच्या खर्चाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत बेभरवशाचा भाग डिझेल हाच झाला आहे. साहजिकच बचतीच्या प्रत्येक उपायाकडे आशेने पाहिले जाते. इंजिनात नेहमीच्या ‘१५डब्ल्यू-४०’ तेलाऐवजी ‘१०डब्ल्यू-३०’ किंवा ‘५डब्ल्यू-३०’ असे पातळ तेल घालणे हा त्यांपैकीच एक. परदेशांतील मोठ्या ताफ्यांत तो बऱ्यापैकी रुळला आहे. प्रश्न आहे तो अहिल्यानगर जिल्ह्यातील बेलापूरसारख्या गावांतून धावणाऱ्या ट्रकना तो कितपत मानवेल, हा.

हे बेलापूर नवी मुंबईचे नव्हे. श्रीरामपूर तालुक्यातील, प्रवरेकाठचे. रेल्वेने याच गावाचे नाव श्रीरामपूरच्या स्थानकाला दिले, त्यामुळे बाहेरच्यांची गफलत आजही होते. जवळच्या हरेगावात बेलापूर कंपनीचा जुना खासगी साखर कारखाना उभा राहिला, तर पलीकडे प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. तेव्हापासून या पट्ट्यातील वाहतुकीचे वेळापत्रक गळीत हंगामावर चालते.

पातळ तेलाने डिझेल वाचते, यामागे जादू नाही. इंजिन फिरताना बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा पडदा असतो. तेल जितके दाट, तितकी ते ढवळण्यात आणि पंपाने ढकलण्यात शक्ती खर्च होते. पातळ तेलाने ती वाचते. मात्र पडदा विरळ झाला, तर जास्त भार आणि कमी वेग असताना धातूवर धातू घासण्याचा संभव वाढतो. बचत आणि झीज यांचा उगम असा एकच आहे.

अमेरिकेतील मालवाहतूक कार्यक्षमतेचा अभ्यास करणाऱ्या ‘नॅकफे’ या संस्थेने १५डब्ल्यू-४० सोडून पातळ तेलाकडे वळणाऱ्या ताफ्यांना अर्धा ते दीड टक्का बचत अपेक्षित धरावी, असे म्हटले होते. आकडा प्रामाणिक आहे; पण तो अमेरिकी महामार्गांचा आहे. तेलाच्या नावातील पहिला आकडा थंडीत ते किती सहज वाहते, हे सांगतो. गोठवणाऱ्या पहाटे इंजिन सुरू करणाऱ्या चालकाला त्याचे मोल मोठे. मे महिन्यात चाळीस अंशांच्या आसपास तापणाऱ्या नगर भागात मात्र खरे महत्त्व दुसऱ्या आकड्याला, म्हणजे तापलेल्या इंजिनातील दाटपणाला.

खरी मेख याहून पुढे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकी पेट्रोलियम संस्थेने डिझेल इंजिनांसाठी ‘सीके-४’ आणि ‘एफए-४’ असे दोन वर्ग एकाच वेळी आणले. दीडशे अंश तापमानाला, जोराने घुसळले जात असताना सीके-४ तेलाचा दाटपणा किमान ३.५ राहावा लागतो. एफए-४ चा २.९ ते ३.२ इतकाच असतो. दोन्ही वर्गांतील डब्यांवर ‘१०डब्ल्यू-३०’ हीच अक्षरे असू शकतात. एफए-४ जुन्या इंजिनांसाठी नाहीच. केवळ आकडा वाचून डबा उचलणाऱ्याला हा फरक कोण सांगणार?

बचतीचा हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होते. पुणे-नाशिकसारख्या मार्गांवर वर्षाला ८० हजार किलोमीटर धावणारा, लिटरला चार किलोमीटर देणारा ट्रक २० हजार लिटर डिझेल जाळतो. एक टक्का वाचला तर २०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर १८ हजार रुपये. तेलबदल वर्षातून दोनदा, दर वेळी २० लिटर आणि लिटरमागे दीडशे रुपये जादा धरले, तरी १२ हजार हातात राहतात. पन्नास ट्रकच्या मालकाला ही रक्कम नक्कीच खुणावेल. आता उसाचा ट्रक घ्या. हंगामात १५ हजार किलोमीटर, लिटरला तीन; म्हणजे ५ हजार लिटर. एक टक्का म्हणजे ४,५०० रुपये, त्यातून एका तेलबदलाचे जादा ३ हजार वजा. उरतात दीड हजार. बेअरिंग सैल झालेल्या, आधीच ऑइल खाणाऱ्या इंजिनात पातळ तेलाने दाब आणखी घसरला आणि इंजिन बांधायची वेळ आली, तर खर्च लाखांच्या घरात जातो. त्या ट्रकवर बहुधा कर्जही असते.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकची गोष्ट निराळी. त्यांच्या धूर-गाळणीला कमी राख सोडणारे तेल लागतेच. उत्पादकाने पुस्तिकेत पातळ तेलाला मान्यता दिली असेल, तर ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही गाळणी साफ होताना थोडे डिझेल तेलात उतरून ते आणखी पातळ होऊ शकते, हे लक्षात घेऊन तेलबदलाची मुदत पाळावी लागते.

शिवाय एक टक्का मोजायचा कसा? एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. दर दहा लिटरमागे किती किलोमीटर, असा हिशेब एसटी ठेवत आली आहे. अशी शिस्त नसलेल्या एक-दोन ट्रकच्या मालकाला हा टक्का दिसणारच नाही. चालक बदलला वा टायरमधील हवा कमी झाली, तरी फरक याहून मोठा पडतो.

उसाच्या बाबतीत हा खर्च केवळ ट्रकमालकाचाही राहत नाही. महाराष्ट्रात तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ‘एफआरपी’तून वजा होतो. त्यामुळे वाया जाणाऱ्या डिझेलचा भार अखेर उसाच्या बिलावर येतो. कारखान्याच्या आवारात वजनकाट्यासमोर रांग लागते आणि बॅटरी किंवा स्टार्टर कमजोर असलेले जुने ट्रक इंजिन चालू ठेवूनच पुढे सरकतात. उभ्या ट्रकने तासाला दोन लिटर जाळले आणि रोज एक तास असा गेला, तर १२० दिवसांच्या हंगामात २४० लिटर संपतात. पातळ तेलाने वाचणार होते ते ५० लिटर. नवी बॅटरी आणि काट्यावर वेळ ठरवून दिलेले टोकन, एवढ्यावर यातील बराच भाग वाचू शकतो, आणि त्यासाठी इंजिनातील तेलाला हात लावावा लागत नाही.