पाण्याचा हिशोब लिहा

परवा एक साहित्यिक म्हणाले, लेखकानं समाजाला निसर्गाला धरून, काटकसरीनं जगायला शिकवावं. मला हसू आलं. वेल्ह्याकडच्या आमच्या वाडीत आजी उन्हाळ्यात दोन हंड्यांत दिवस काढायची. भांड्यांचं पाणी शेवग्याच्या बुडाशी. तिला कोण काय शिकवणार?

हिशोब उलटा आहे, दोस्तांनो. भोरचं भाटघर धरण १९२८ चं. पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली उसाला गेलं. वेल्ह्याकडचं पानशेत १९६१ ला फुटलं, पुन्हा बांधलं. पाणी पुण्याच्या नळाला. गावं बुडाली, माणसं उठली. निसर्गकवितेत मात्र नुसतं धुकं न् करवंदं!

दया पवारांनी धरणावर राबणाऱ्या बाईचं गाणं लिहिलं. माझ्या मते पर्यावरणाचं साहित्य ते. ते ऐकलं की नळ उघडा सोडायला हात धजत नाही.

बाबासाहेब १९२७ ला महाडच्या तळ्यावर गेले ते पाणी सगळ्यांचं म्हणून. सगळ्यांचं, म्हणजे एकानं उधळायचं नाही. आता आपणही शहरात नळाखाली बसतो. तेव्हा कवींनो, आपल्या बादलीत कुणाचं शेत बुडालंय, ते आधी लिहा. उपदेश पुरे झाला.