तंबूच्या मुक्कामाला निघण्याआधी

हैदराबादच्या कोठी, सुलतान बाजार, इसामिया बाजार आणि बडी चावडी परिसरातील मराठी कुटुंबांना कळकळीचे आवाहन.

थंडी पडली की आपली मुले अनंतगिरीच्या टेकड्यांवर तंबू ठोकून राहायला जातात. जरूर जावीत. पण सकाळी बांधून घेतलेली बिर्याणी रात्री शेकोटीपाशी उघडायची, हे कृपा करून थांबवा. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात जंतूंचे विष तयार होऊ शकते. भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही, आणि वासावरून कळतही नाही. कच्च्या अंड्याचे मेयोनीज तर नेऊच नका. आपल्याच शहरात मेयोनीजसोबत मोमो खाऊन एका महिलेचा जीव गेला, अनेकजण आजारी पडले, आणि ३० ऑक्टोबर २०२४ रोजी राज्य सरकारने अशा मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा न्या. भात हवाच असेल तर तिथे शिजवा आणि गरम असतानाच संपवा.

एवढे करूनही रात्री कुणाला उलट्या-जुलाब सुरू झाले तर? १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. त्याच उपायाची, म्हणजे ओआरएसची, पुडी प्रत्येक गटाच्या पिशवीत हवी. मात्र खोक्यातले गोड पेय नको! त्यात साखर इतकी जास्त असते की जुलाब वाढू शकतात. अशा पेयांवर ‘ओआरएस’ छापण्याविरुद्ध हैदराबादच्याच बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षे लढल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला मनाई केली. दुकानात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचीच पुडी मागा. लिटरची अख्खी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवा, पेलाभर पाण्यात नव्हे. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबा, मग चमचा-चमचा पाजत राहा.

जुलाब थांबवणारी गोळी मुलांना मनाने देऊ नका. शौचात रक्त, जोराचा ताप, ग्लानी, सात-आठ तास लघवी नाही किंवा पाणी पोटात टिकतच नाही, यांपैकी काहीही दिसले तर उजाडायची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती: फोनवरून ‘पोटाला विश्रांती दे, पाणी पिऊ नकोस’ असे सांगू नका.