सिग्नलचं सांडणं थांबवणारा चालू-बंद स्विच ५जी टॉवरवर का नाही?

१ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं. पुढे ते अमरावती, अकोल्यातही पोहोचलं. टॉवरवरच्या पॅनलमधले अनेक छोटे अँटेना मिळून सिग्नलचा झोत घडवतात. पण थोडा सिग्नल कडेला सांडतो आणि दुसऱ्या टॉवरच्या ग्राहकाला अडथळा होतो.

यावर उपाय आहे?

वरुड-मोर्शीच्या संत्राबागेत ठिबकचा व्हॉल्व्ह ठरावीक वेळ उघडून पाणी मोजून देतात. तसंच मधले अँटेना सतत चालू ठेवायचे, कडेचे मात्र सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करायचे. सरासरीने कडेची ताकद घटते, सांडणं कमी होतं. शँक्स आणि बिकमोर या संशोधकांनी १९५९ मध्येच ही कल्पना मांडली. त्यासाठी महागड्या भागांऐवजी साधे, वेगवान स्विच पुरतात.

मग अडतं कुठे?

प्रत्येक चालू-बंदमुळे थोडी ऊर्जा शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर जाते. ती फ्रिक्वेन्सी दुसऱ्या कंपनीने लिलावात घेतलेली असू शकते. म्हणजे धुरा फुटून पाणी शेजाऱ्याच्या वावरात! म्हणूनच आजचे ५जी पॅनल झोत संगणकी गणिताने घडवतात. ते अचूक असतं, पण महागही. ही गळती आवरली, तरच स्वस्त अँटेना लहान गावांच्या कामी येतील.