विश्लेषण : पिण्याच्या पाण्याच्या तलावात वल्हे चालते, मग इंजिन का नको? भोपाळच्या तलावाचा धडा काय?

भोपाळमधील नळांचे पाणी, स्थानिक मच्छीमारांच्या जाळ्यातील रोहू-कटला आणि आंतरराष्ट्रीय पदके मिळवणाऱ्या कयाकपटूंचा सराव या तिन्ही गोष्टी शहरातील तलावांवर अवलंबून आहेत. या तलावांत क्रूझ आणि मोटरबोट चालवण्यास राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ येथील खंडपीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये मनाई केली. धरणांच्या बॅकवॉटरला तंबू, बोटिंग आणि कयाकिंगचे पेव फुटलेल्या महाराष्ट्रासाठीही हा निकाल महत्त्वाचा आहे. गोड्या पाण्याच्या तलावावर पहिला हक्क कोणाचा, हा त्यामागचा खरा प्रश्न.

लवादाने नेमके काय रोखले?

भोपाळचा मोठा तलाव आणि छोटा तलाव मिळून ‘भोज पाणथळ’ म्हणून ओळखले जातात. तिथे डिझेलवर चालणारी क्रूझ आणि मोटरबोटी पर्यटकांना फिरवत असत. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतात इंजिनाचे तेल आणि धूर मिसळू देणे योग्य नाही, हा याचिकेतील मुख्य आक्षेप होता. २०१७ च्या पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियमांचा आधारही त्यामागे होता. लवादाने तो मान्य केला. बंदी आली ती इंजिनावर. माणसाच्या बळावर चालणारी होडी, मग ती मच्छीमाराची असो वा खेळाडूची, या आक्षेपाचा विषय नव्हती.

हा तलाव एवढा महत्त्वाचा का?

मोठा तलाव अकराव्या शतकातला. परमार वंशातील राजा भोज याने कोलांस नदीवर बांध घालून तो तयार केला, असे मानले जाते. छोटा तलाव १७९४ मधला, नवाबी काळातला. मोठ्या तलावाच्या काठाला वनविहार राष्ट्रीय उद्यान आहे आणि हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी येथे उतरतात. ऑगस्ट २००२ मध्ये या पाणथळीचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या ‘रामसर’ स्थळांच्या यादीत झाला. हजार वर्षांनंतरही भोपाळच्या लोकसंख्येचा मोठा भाग मोठ्या तलावाचे पाणी पितो. म्हणजे हा तलाव शहराची शोभा आहे आणि शहराची पाण्याची टाकीही. घरच्या टाकीत कोणी इंजिन सोडत नाही, इतका साधा हा मुद्दा आहे.

कॅनो, कयाक आणि रोइंग यांत फरक काय?

मराठी वाचकांना वल्हवण्याचा खेळ म्हटला की नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवतो. दत्तूचा खेळ रोइंगचा. त्यात वल्ही होडीला अडकवलेली असतात आणि खेळाडूची पाठ पुढच्या दिशेला असते. कयाक आणि कॅनोमध्ये खेळाडू पुढे तोंड करून असतो आणि वल्हे फक्त हातात असते. कयाकमध्ये बसून, दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आलटून पालटून मारायचे. कॅनोमध्ये एक गुडघा टेकून, एकाच पात्याचे वल्हे एकाच बाजूला मारायचे आणि तरी होडी सरळ ठेवायची. स्पर्धांच्या नावांतील ‘के’ म्हणजे कयाक, ‘सी’ म्हणजे कॅनो आणि पुढचा आकडा खेळाडूंची संख्या सांगतो. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकपासून हा पदकांचा खेळ आहे.

एका खेळाडूची स्पर्धेची कयाक जास्तीत जास्त ५.२० मीटर लांब असते. वजन किमान १२ किलो आणि रुंदी जेमतेम हातभर. अशी होडी मोटरबोटीने उठवलेल्या लाटेतही डगमगते. त्यामुळे या खेळाला शांत पाणी लागते आणि समुद्रापेक्षा तलाव जवळचा वाटतो. ग्वाल्हेरच्या प्राची यादवने भोपाळच्या तलावावरच सराव केला. टोक्यो पॅरालिम्पिकमध्ये ती पॅराकॅनोची अंतिम फेरी गाठणारी भारतीय ठरली. पुढे हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने ऑक्टोबर २०२३ मध्ये एक सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले.

इंजिनाने पाण्याचे काय बिघडते?

पहिला त्रास इंधनाचा. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात ताजे इंधन आत येत असतानाच जळालेला वायू बाहेर पडतो आणि त्याबरोबर न जळलेले इंधन व वंगणतेलही निसटते. होडीच्या इंजिनाचा हा धूर बहुधा थेट पाण्यात सोडलेला असतो. फोर-स्ट्रोक इंजिनात हे प्रमाण बरेच कमी, पण शून्य नाही. डिझेलच्या धुरातील गंधक आणि नायट्रोजनची ऑक्साइडे पाण्यात विरघळतात. दुसरा त्रास लाटांचा. उथळ भागात पंख्याने गाळ ढवळला जातो. त्यात साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो आणि शेवाळाला खाद्य मिळते. काठावर आदळणाऱ्या लाटा माती खणतात, माशांनी अंडी घातलेल्या वनस्पती उपटतात. तिसरा त्रास आवाजाचा, तो पक्ष्यांना. वल्ह्याच्या होडीत यातले काहीच नाही.

मच्छीमारांचा या वादाशी संबंध काय?

तलावावर सर्वाधिक काळ तेच असतात, पण निर्णयाच्या बैठकीत क्वचितच दिसतात. रात्री लावलेले गळफाशी जाळे सकाळी मोटरबोटीच्या पंख्यात अडकले, तर नुकसान जाळ्याच्या मालकाचे असते. कयाकवाल्यांशीही खटके उडू शकतात. जाळ्यावर ठळक तरंगती खूण नसेल तर वल्हे त्यात अडकते आणि होडी उलटू शकते. मात्र हा वाद सोडवता येण्यासारखा आहे. जाळ्यांचा पट्टा, सरावाचा पट्टा आणि प्रत्येकाच्या वेळा ठरवल्या की तो बव्हंशी मिटतो. मच्छीमारांवर बंधने आधीपासून आहेतच. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजोत्पादनाचा काळ म्हणून मासेमारी बंद ठेवली जाते.

खेळ आणि मासेमारी ही दोन टोके नाहीत, याचे उत्तम उदाहरण मणिपूरमध्ये आहे. हांगझोऊच्याच आशियाई क्रीडा स्पर्धेत ऑक्टोबर २०२३ मध्ये अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी कॅनो दुहेरीच्या १००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. १९९४ च्या हिरोशिमानंतर भारताला या खेळात मिळालेले हे पहिलेच आशियाई पदक. सुनील लोकताक तलावाकाठच्या मोइरांगचा, मच्छीमाराच्या घरातला. वल्ह्याशी त्याची ओळख तलावावरच झाली.

त्याच लोकताकची दुसरी बाजू विसरता येत नाही. १९८३ मध्ये वीजप्रकल्पासाठी इथाई बंधारा झाला आणि तलावाची पातळी वर्षभर चढी राहू लागली. त्यामुळे तरंगत्या वनस्पतींच्या थरांचे, म्हणजे ‘फुमदी’चे, नैसर्गिक चक्र बिघडले. पुढे तलाव वाचवण्यासाठी २००६ मध्ये कायदा आला. त्यानंतर २०११ मध्ये कारवाई झाली ती फुमदीवर राहणाऱ्या मच्छीमारांच्या झोपड्यांवर. शेकडो झोपड्या जाळल्या गेल्या, बंधारा मात्र जागेवरच राहिला. संवर्धनाची कुऱ्हाड सर्वात दुबळ्यावर आधी पडते, ती अशी.

वल्ह्याची होडी निर्धोक असते का?

पाण्यासाठी निर्धोक, माणसासाठी नाही. बुडण्याच्या घटनांत होडीच्या प्रकारापेक्षा बेफिकिरीचा वाटा मोठा दिसतो. भोपाळच्याच छोट्या तलावात १३ सप्टेंबर २०१९ रोजी गणेश विसर्जनावेळी होडी उलटून ११ जणांचा बळी गेला. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची बोट उलटली. त्यात १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या प्रवासात वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि सहा जणांना जीव गमवावा लागला.

धरणाच्या पाण्याचे स्वतःचे धोके आहेत. काठापासून चार पावलांवर तळ अचानक खोल जातो. पाणी उतरले की बुडालेली झाडे, भिंती, टेकाडे पृष्ठभागाखाली दबा धरून असतात. उजनीतले पळसदेवचे मंदिर उन्हाळ्यात वर येते, ते सगळ्यांना दिसते. न दिसणारे अडथळे त्याहून जास्त. मे महिन्याच्या दुपारनंतरचा वारा तर मिनिटांत लाटा उभ्या करतो. म्हणून लाइफ जॅकेट होडीत ठेवायचे नसते, बंद लावून अंगावर घालायचे असते. कयाक उलटली तर पोहत काठ गाठण्याचा हट्ट न करता तरंगणारी होडी धरून ठेवावी, हा पहिला धडा. त्यासाठी बचावाची होडी जवळ लागते. इंजिनबंदीत या एका होडीला नियमांतच स्पष्ट जागा ठेवायला हवी. बॅटरीवर चालणारी मोटर हा तिथे व्यवहार्य मार्ग आहे.

इंजिन थांबले की तलाव वाचला?

नाही. तलावाचे आरोग्य काठाच्या पलीकडे ठरते. मोठ्या तलावाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर, म्हणजे तलावाच्या दहापटीच्या आसपास. त्या शेतांतील खत, वस्त्यांचे सांडपाणी आणि काठावरची बांधकामे यांचा परिणाम क्रूझच्या धुरापेक्षा दीर्घकाळ टिकणारा आहे. उजनीत तर पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतून येऊन साठते. तिथे एखादी मोटरबोट थांबवून पाणी हिरवे व्हायचे राहणार नाही. इंजिनबंदी सोपी असते, कारण बोट डोळ्यांना दिसते आणि तिचा मालक सापडतो. नाल्याचा मालक कोणीच नसतो. म्हणून बंदी ही सुरुवात मानली तरच तिला अर्थ आहे.

महाराष्ट्राने काय घ्यावे?

रामसर करारात ‘सुज्ञ वापर’ ही कल्पना आहे. पाणथळीला हात लावू नका, असे ती म्हणत नाही. तिचा गुण टिकेल इतकाच वापर करा, एवढेच ती सांगते. त्यासाठी हक्कांचा क्रम लागतो. आधी पिण्याचे पाणी, मग त्या पाण्यावर पोट असलेले लोक, मग खेळ आणि शेवटी पर्यटन. जलपर्यटनाच्या योजना आखताना हा क्रम उलटा होण्याचा धोका असतो. कंत्राट, जेट्टी आणि स्पीडबोट आधी ठरतात, मच्छीमार संस्थेला नंतर कळते.

याला पर्याय आपल्याकडेच आहे. उजनीच्या काठी भिगवण, कुंभारगाव परिसरातले मच्छीमार हिवाळ्यात पर्यटकांना होडीतून रोहित पक्षी दाखवायला नेतात. पाण्याची खोली, वाऱ्याची चाल आणि जाळ्यांची जागा त्यांना पाठ असते. कयाकिंगची केंद्रे उभारताना प्रशिक्षणाची आणि बचावाची पहिली नोकरी अशा घरांतल्या मुलामुलींना देता येईल. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयांत इंधनाचे इंजिन नको, लाइफ जॅकेटशिवाय कोणी पाण्यात नको आणि परवान्याआधी मच्छीमार संस्थेशी चर्चा सक्तीची, हे तीन नियम करायला मोठा खर्च येत नाही. एखाद्या दुर्घटनेनंतर घाईने काढलेल्या सरसकट बंदीपेक्षा ते कधीही बरे. कारण अशा बंदीत स्पीडबोटवाला दुसऱ्या धरणावर जातो. मच्छीमाराला मात्र जायला दुसरे पाणी नसते.